हळदीच्या उन्हातला धोंडा

हळद शिजायला लागली की आमच्या हिंगोलीची हवा बदलते. आधी वास येतो ओल्या मातीचा, मग उकडलेल्या मुळांचा, आणि दुपारचं ऊन तापलं की त्याला एक कडवट, औषधी धार चढते. तो वास दोरीवरच्या कपड्यांत शिरतो, भाकरीच्या टोपल्यात शिरतो, वर्गात खिडकीजवळ बसणाऱ्या मुलींच्या वह्यांत शिरतो. परीक्षा तोंडावर असते. सरावाचे पेपर तपासताना कागदाच्या कोपऱ्यावर माझ्याच अंगठ्याचा पिवळा ठसा दिसतो आणि मी दचकतो. या दिवसांत सगळ्या गावाचेच हात पिवळे असतात. कोणाचा हात कशात होता हे ओळखायचं असेल तर दुसरा कुठलाही महिना घ्यावा, हळदीचा घेऊ नये.

यंदाही हंगाम आला. गेल्या आठवड्यात आमच्या वसाहतीसमोर रस्त्याच्या कडेला पहिली ताडपत्री पसरली गेली. मी गच्चीवरून पाहिलं आणि खाली आलो.

"आपली हळद कधी येणार?" बायकोनं विचारलं.

"यंदा भाऊ शेतातच वाळवतोय."

ती माझ्याकडं लागते त्याहून जरा जास्त वेळ पाहत राहिली. ही नजर आता वर्षभर जुनी आहे. तिला काही माहीत आहे की मलाच तसं वाटतं, याचा निकाल मला लावता आलेला नाही.

मी शाळेत भूगोल शिकवतो. नोकरी शहरात, शेत कनेरगाव नाक्याकडं, भावाच्या हवाली. आमच्या वसाहतीत बहुतेकांचं असंच. दारात मोटरसायकल आणि मनात नांगर. म्हणून शहराचं काही नवं आमच्या दारात आलं की आम्ही ते आधी शेतकऱ्याच्या डोळ्यानं पाहतो. बांध कोणी सरकवला?

तर दोन वर्षांपूर्वी समोरचा रस्ता सिमेंटचा झाला आणि त्याच्या एका कडेला हिरव्या रंगाची पट्टी आखली गेली. बाजूनं पांढरी रेघ, मधे मधे पांढऱ्या सायकलचं चित्र. सायकलपट्टी. पहिले दोन दिवस लोक तिच्यावर पाय द्यायला कचरत होते, सारवलेल्या अंगणावर कचरावं तसे. तिसऱ्या दिवशी संशय सुरू झाला.

"सायकली किती उरल्यात हिंगोलीत?" भालेराव काका म्हणाले. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. वसाहतीची कुठलीही बैठक त्यांच्याशिवाय सुटत नाही, म्हणजे गाडी सुटत नाही त्या अर्थानं. "अन् पट्टी पहा, नवरीच्या शालूवाणी! ह्याच्यात काहीतरी गोम हाय."

कोणी म्हणालं, उद्या रस्ता रुंद करून आपल्या पायऱ्या तोडतील, ही त्याचीच खूण आहे. कोणी म्हणालं, कोपऱ्यावरच्या गाडेवाल्यांना उठवायचा डाव आहे. गाडेवाल्यांना वाटलं, वसाहतीतल्या नोकरदारांनीच अर्ज केला असणार. एक शंका दुसरीच्या घरी जेवायला जात होती. साधी गोष्ट कोणाच्या मनात आली नाही, की कोणाला तरी सायकल चालवायची असेल.

ती चालवायची होती सुमनबाईला. सुमनबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. माहेर वाशीमकडचं, आवाज मोठा, पदर कमरेला खोचलेला. लेकीला शाळेतून सायकल मिळाली होती. लेक लग्न होऊन सेनगावला गेली, सायकल घरी राहिली. चाळिशी ओलांडलेल्या सुमनबाई संध्याकाळी त्या पट्टीवर ती शिकल्या. नवरा मागून कॅरिअर धरून पळायचा आणि त्या ओरडायच्या, "सोडू नका! सोडलं का? सांगा ना, सोडलं का?" त्यानं कधीच सोडलेलं असायचं. अख्खी वसाहत गच्चीवर येऊन हसायची. मीही हसलो आहे. महिन्याभरानं त्या साडी सावरत, घंटी वाजवत शाळेच्या फाटकातून आत आल्या तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या दिवशीची खिचडी जरा जास्तच तिखट झाली होती.

पट्टीच्या वळणावर कडुलिंबाचं झाड आहे. त्याच्या सावलीत हमीदभाई गादीवाले बसायचे. वीस वर्षं तिथंच. कापूस पिंजायची मशीन, टाके घालायची लांब सुई, आणि उन्हात पसरलेल्या गाद्या. पट्टी झाली आणि त्यांच्या गाद्या पट्टीवर आल्या. खरं तर गाद्या जागच्या जागीच होत्या, पट्टी त्यांच्या खाली आली होती. ते उघड विरोधात होते. "चित्र काढून गेले सायकलीचं," ते म्हणायचे. "आता आमी कुठं बसावं? चित्रावर? एखाद्या दिवशी कोणी पडंल न्, मग कळंल सगळ्याला."

हे वाक्य लोकांनी लक्षात ठेवलं.

हमीदभाईंची अजून एक सवय होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. हळदीच्या दिवसांत कोणी त्यांच्या गादीजवळ गेलं की ते दुरूनच हात वर करायचे. "लांबून सर, लांबून! तुमचे हात पिवळे हायत. पांढऱ्या कापसाला एक बोट लागलं तर गिऱ्हाईक गादी माझ्या डोक्यात घालंल." आम्ही मुद्दाम हात पुढं करायचो, ते मागं सरकायचे. दर फाल्गुनात हा खेळ. मी वर्षानुवर्षं खेळलेला.

मागच्या हंगामात भावानं शिजवलेली हळद टेम्पोनं माझ्याकडं धाडली. शेतातलं खळं कच्चं, मातीचं आणि इथं दारात सिमेंटची गुळगुळीत पट्टी. मी एकटा नव्हतो. चार घरांची हळद तिच्यावर पसरली होती. ऊन पडलं की सगळी पट्टी पेटल्यासारखी दिसायची. कडेनं आम्ही धोंडे मांडले होते. रस्त्यावर धान्य वाळवणारा आमच्याकडचा प्रत्येक माणूस हे करतो, गाड्यांनी चाक घालू नये म्हणून. सायकलींसाठी तेवढी बोळ सोडली होती, सुमनबाई हळकुंडं चुकवत, ओरडत जायच्या, "ओ सर, तुमची हळद माझ्या चाकाला लागली तर मी तशीच खिचडीत घालीन!"

मग एका दुपारी अवकाळी आभाळ आलं. सोसाट्याचा वारा सुटला. ताडपत्री शिडासारखी फुगायला लागली, कडेचे धोंडे पुरेनात. मी घरामागं धावलो, सिमेंटमधून कधीचा सुटलेला धुणं धुवायचा दगड उचलला आणि ताडपत्रीच्या मधोमध ठेवला. मग पहिले टपोरे थेंब आले आणि सगळ्यांचीच पळापळ झाली. पोती भरा, टोकं धरा, ओढा, उचला. मी ताडपत्री एका बाजूनं जोरात ओढली. काहीतरी जड घरंगळल्याचं हाताला जाणवलं. हाताला जाणवलं, हे मी आज लिहितो आहे. त्या वेळी मी पोती मोजत नव्हतो, दगड तर नाहीच. भिजायच्या आत हळद घरात आली याच आनंदात मी होतो. पाऊस म्हणावा तसा आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनबाई शाळेला निघाल्या. सूर्य समोर होता. वळणाच्या अलीकडं पट्टीच्या मधोमध तो दगड. चाक त्याच्यावर चढलं आणि त्या उजव्या हातावर पडल्या.

मी शाळेत पोचलो तेव्हा चूल थंड होती आणि पोरं सांगत होती, "सर, बाईचा हात मोडला. कोणीतरी धोंडा ठेवला होता!"

ठेवला होता. हा शब्द माझ्याआधी तिथं पोचला होता.

संध्याकाळी गणेश मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये बैठक बसली. भालेराव काका खुर्चीवरून उठून म्हणाले, "कडेला असता तर म्हटलं असतं राहिला. पण बरोब्बर मधे? मधे धोंडा आपोआप येत न्हाई. कोणी ठेवला?"

हाच प्रश्न फिरत राहिला. कोणी ठेवला? चारही हळदवाल्यांनी सांगितलं, आम्ही आमचे धोंडे उचलले. मीही मान हलवली. माझे कडेचे धोंडे मी उचललेच होते. आणि तो? तो मी पट्टीवर ठेवला नव्हता, तो घरंगळला होता. मनातल्या मनात मी असा भूगोल मांडत बसलो होतो. मग कोणीतरी हळूच म्हणालं, "कोणी पडंल म्हणून कोण बोलत व्हतं, आठवा जरा." आणि सगळ्या माना शेडच्या दाराकडं वळल्या. हमीदभाई दारातच उभे होते.

"मी न्हाई ठेवला," ते म्हणाले आणि दोन्ही हात पुढं केले. नुसतेच पुढं केले, तळवे वर करून. तेव्हा मला वाटलं, हा माणूस गयावया करतोय. ते काय दाखवत होते हे कळायला मला वर्ष लागलं.

कोणी त्यांना उठवलं नाही. कोणी शिवी दिली नाही. एवढंच झालं की वसाहतीतल्या गाद्या त्यांच्याकडं जायच्या थांबल्या. पोरांना त्यांच्या झाडाखालून जायची मनाई झाली. महिन्याभरानं एका सकाळी लिंबाखाली फक्त कापसाचे बारीक तंतू उडत होते. हमीदभाईंनी मशीन आपल्या मोहल्ल्यात, घराच्या ओट्यावर नेली होती. बैठकीतल्या लोकांना तर खात्रीच पटली. भालेराव काका म्हणाले, "ज्याच्या मनात काही नसतं तो जागा काहून सोडंल?"

त्या दिवसापासून मी संशयात राहतो. दुसरे हमीदभाईंवर संशय घेत होते आणि मी सगळ्यांवर, की यांना माझं कळलं आहे. शेजारी "काय सर" म्हणाला तरी त्या 'काय'मध्ये मला काहीतरी ऐकू यायचं. बायकोनं दोनच दिवसांनी विचारलं होतं, "धुण्याचा दगड कुठं गेला?" मी म्हटलं, भावाला विहिरीवर हवा होता, टेम्पोत टाकला. पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा ती विहिरीवर जाऊन आली. नवा दगड मीच आणून बसवला. त्याच्यावर कपडे आपटल्याचा आवाज जुन्यासारखा येत नाही.

सगळ्यात अवघड शाळेतली दुपार. खिचडी मुलांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं चव घ्यायची आणि वहीत सही करायची अशी पद्धत आहे. आमच्याकडं ती पाळी बहुतेक माझीच. सुमनबाई उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कामावर परतल्या तेव्हा मनगट वाकडं जुळलं होतं. मोठ्या पातेल्यात डाव फिरवायला जाऊबाईला सोबत घ्यावं लागतं, अजूनही. माझ्या चवीचा घास मात्र त्या स्वतः देतात, डाव्या हातानं. "पहा सर, मीठ बराबर हाय का?" मी घास घेतो. "बराबर आहे," म्हणतो. सही करतो. वर्षभर त्या वहीच्या प्रत्येक पानावर माझी सही आहे की चव बघितली, ठीक आहे. सायकल त्यांनी सोडलेली नाही, पण तिच्यावर बसत नाहीत. हँडलला पिशव्या अडकवून हातानं ढकलत आणतात.

यंदा हमीदभाईंनी जागा परत मागितली. नगरपालिकेतून त्यांना सांगितलं गेलं, वसाहतीची हरकत नसल्याचं पत्र आणा. रविवारी त्याच शेडमध्ये बैठक ठरली. लोकांचं मत आधीच ठरलेलं होतं. "एकदा धोंडा ठेवला, आता काय ठेवंल?" रविवारी पत्र नाकारलं की ती लिंबाची सावली त्यांच्या हातून कायमची गेली. हे कळल्यापासून हळदीचा वास मला सहन होईना.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी घरातली जुनी गादी गुंडाळून त्यांच्या मोहल्ल्यात गेलो. निमित्त लागतं माझ्यासारख्या माणसाला. हमीदभाई ओट्यावर होते. अंगभर कापूस. मला पाहून त्यांचा हात सवयीनं वर झाला. "लांबून," एवढं बोलून ते थांबले. मी हात पुढं केले. या वर्षी ते स्वच्छ होते.

"गादी पिंजायची होती," मी म्हटलं.

"वसाहतीत दुसरा येतो न् आता, गाडीवर मशीन घेऊन. त्याला काहून न्हाई दिली?" त्यांच्या डोळ्यांत सरळ संशय होता. "सर, तुमाला कोणी पाठवलं का? रविवारी येऊ नको म्हणून सांगायला?"

"नाही."

ते उसवायला लागले. मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "एक गोष्ट इचारू? तो धोंडा हळदीनं माखलेला व्हता. मी पाहिला. त्या दिवशी माझ्यापाशी लग्नाच्या चार गाद्या व्हत्या, पांढऱ्याशुभ्र. मी तसला धोंडा हाती धरीन? बैठकीत हात दाखवले मी. पहा म्हटलं, पिवळे हायत का. कोणी पाहिलंच न्हाई. दुसऱ्याचं जाऊ द्या. तुमी तर दरसाल माझ्याशी मस्करी करायचे हाताची. तुमाला बी न्हाई सुचलं?"

मला सुचायची गरज नव्हती, मला माहीतच होतं. मी ते सांगितलं. ताडपत्री, वारा, मधोमध ठेवलेला दगड, सगळं. त्यांची बोटं थांबली नाहीत. टाके तुटत गेले, एक, एक, एक. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा मग मोठ्या मनानं जाऊ द्या म्हणतील. त्यांनी माझी गादी परत गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि माझ्या पायाशी ठेवली.

"इथं काहून सांगून राहिले? कापसाला सांगून काय फायदा? जिचा हात मोडला तिला सांगा. अन् रविवारी तिथं सांगा, सगळ्यापुढं. मग आणा गादी."

अर्धी उसवलेली ती गादी खांद्यावर घेऊन मी परत आलो. रस्ताभर माझ्या पाठीवर कापूस गळत होता.

शनिवारी सुमनबाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या, डाव्या हातानं. दाराशेजारी भिंतीला टेकवून एक दगड उभा होता. मी ओळखला आणि दारातच थांबलो.

"तो?" त्या म्हणाल्या. "नवऱ्यानं आणून ठेवला त्या दिवशी. पुरावा म्हणून. कोणी पहाले आलंच नाई. आता सकाळी उठली की पाह्यते त्याच्याकडं."

मी उभ्यानंच सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग तांदळाचं सूप बाजूला सरकवलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सर, हमीदभाईनं काय देलं तुमाले?"

मला आधी कळलंच नाही.

"उद्या बैठक हाय. त्याले जागा पाह्यजे. अन् आज तुमी येता, म्हणता धोंडा माझा. वर्षभर माझ्या हातचा घास खाल्ला, तवा नाई आठवला? आजच आठवला?" त्यांचा आवाज चढत गेला. "मी अडाणी हाव, पण एवढी नाई. तुमाले दया आली असंल त्याची, त येऊ द्या. माझ्याशी खोटं काहून बोलता?"

खरं बोलणाऱ्याला शपथ घ्यावी लागते, हे मी मुलांना कधी शिकवलं नव्हतं. वर्षभर माझ्या खोटेपणावर कोणी शंका घेतली नाही आणि पहिलं खरं वाक्य उच्चारलं ते दारातच अडवलं गेलं. यात त्यांची चूक एवढीही नव्हती.

"दगड उलटा करा," मी म्हटलं. "घर बांधताना गवंड्यानं तो सिमेंटमध्ये बसवला होता. खालच्या अंगाला सिमेंट राहिलं असेल. त्यात हिरव्या बांगडीचा तुकडा आहे. सिमेंट ओलं असताना माझ्या बायकोची बांगडी तिथं फुटली होती."

त्यांनी हाक मारून नवऱ्याला बोलावलं. आम्ही दोघांनी दगड आडवा पाडला. भिंतीकडची बाजू वर आली. कोळ्याचं जाळं, वाळलेली माती. सुमनबाई खाली बसल्या आणि पदरानं पुसायला लागल्या, वाकड्या मनगटाच्या हातानं. हिरवा, नखाएवढा तुकडा उन्हात चमकला.

त्यांनी तुकड्यावरून अंगठा फिरवला. मग त्या म्हणाल्या, मला नाही, दगडाला म्हणाव्यात तशा, "हमीदभाई बाजारात दिसले त मी तोंड फिरवत व्हती. त्यायची बायको दवाखान्यात मले भेटाले आली व्हती. मी तिचा डबा वापस केला."

मी जायला वळलो.

"थांबा. उद्या सकाळी या. हा तुमचा हाय न्, मंग तुमीच न्या."

आज रविवार. सकाळी मी दगड उचलून त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर ठेवला, त्यांच्या नवऱ्यानं दोरीनं आवळला. सुमनबाईंनी हँडल धरलं, मी मागून दगड सावरत चाललो, कधीकाळी त्यांचा नवरा कॅरिअर धरून पळायचा तसा. पट्टीचा हिरवा रंग आता जागोजागी उडाला आहे. दोन्हीकडं हळद पसरली होती, कडेनं धोंडे होते आणि हळद खालीवर करणारे हात आम्हाला पाहून थांबत होते. खिडक्यांतून, गच्च्यांवरून लोक बघत होते. गच्चीवर माझी बायकोही होती. तिनं दगड ओळखला. दूरवरूनही मला ते दिसलं. त्या सगळ्या नजरांत संशय होता आणि वर्षभरात पहिल्यांदाच तो बराबर जागी पडत होता.

शेडपाशी पोचलो. हमीदभाई आत गेले नव्हते, बाहेरच चपला काढायच्या जागेजवळ उभे होते. सुमनबाईंनी सायकल त्यांच्या पुढ्यात आणून स्टँडवर लावली आणि मान खाली घालून उभ्या राहिल्या. भालेराव काका चष्मा वर सरकवत पुढं आले. दगडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

मागच्या वर्षी या शेडमध्ये सगळ्यांनी विचारलं होतं, कोणी ठेवला. तो कोणाचा आहे हे कोणीच विचारलं नव्हतं. त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या सावलीत मी वर्ष काढलं.

"काय सर," काका म्हणाले, "हा धोंडा कोणाचा हो?"

"माझा," मी म्हटलं.